इथिलियनचा पारधी सेनानी

जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील वीरांत फॅरामिर मला विशेष आदरणीय वाटतो. कारण गॉन्डॉरच्या मुख्त्याराचा हा धाकटा पुत्र, शत्रूने बळकावलेल्या इथिलियनच्या मुलखात मोजक्या शिबंदीनिशी झुंजताना, फौजेच्या संख्येवर नव्हे, तर पारध्याच्या विद्येवर विसंबतो. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडातील त्याचा छापाच पाहावा : हिरव्या-तपकिरी वस्त्रांतले, मुखवटे चढवलेले, जवळजवळ पुरुषभर उंचीची धनुष्ये बाळगणारे त्याचे लोक झाडोऱ्यात दबा धरून बसतात, सावजाची वाट आधी हेरतात, आणि दक्षिणेकडून बेसावध येणाऱ्या हाराड्रिमांच्या पलटणीवर अकस्मात तुटून पडतात. त्यांचे ठाणेही धबधब्याच्या पडद्याआड, वाटसरूला सुगावा न लागणाऱ्या गुहेत आहे.

परंतु 1916 साली पहिल्या महायुद्धातील सोमच्या रणभूमीवर प्रत्यक्ष वावरलेला हा लेखक विजयाच्या वर्णनावर थांबत नाही. सुवर्णपट्ट्याखाली मानेत हिरव्या पिसांचा बाण रुतलेला एक शत्रुसैनिक कथानायक फ्रोडोचा सेवक सॅम याच्यापासून काही पावलांवर नेच्यांत कोसळतो, आणि हा कोण, कुठला, खरोखरच दुष्ट होता काय, या विचाराने सॅम व्याकूळ होतो. फॅरामिरलाही मनुष्याची वा पशूची निष्कारण हत्या नामंजूर आहे; म्हणूनच धबधब्याखालच्या निषिद्ध डोहात शिरलेल्या, फ्रोडोचा वाटाड्या असलेल्या गॉलमवर तिरंदाजांनी नेम धरला असताना तो त्यांना रोखतो आणि आधी फ्रोडोला विचारतो.