कवडशात उजळणारा घुमट

बेंगळुरूतल्या कॅमेरेवाल्यांची शनिवार-रविवारची धाव ठरलेली: नंदी हिल्स, लेपाक्षी, फार तर हंपी. त्यांना माझा आग्रह आहे, एकदा यशवंतपूर–लातूर गाडी धरा आणि बीदरला उतरा. शहराबाहेर अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. त्यातल्या एकीच्या आत असे रंग आहेत की इजिप्तची थडगी आठवावीत!

ही कबर अहमदशहा वलीची. १४२२ ते १४३६ तो गादीवर होता आणि राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला त्यानेच आणली. दुष्काळात त्याने दुवा मागितली आणि पाऊस कोसळला, म्हणून तो 'वली', असं लोक सांगतात. इराणचे सूफी शाह नेमतुल्लाह वली हे त्याचे गुरू. त्यांची गुरुपरंपरा या घुमटात लिहिलेली आहे. इराणात माहानला गुरूंचा मकबरा उभा राहिला, तोही याच दख्खनी सुलतानाच्या पैशावर.

आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. भिंती जाड, उजेड जेमतेम. मग तिथला राखणदार दारापाशी उन्हात आरसा धरतो. कवडसा आत शिरतो, भिंत चढतो, घुमटात पोचतो. शेंदरी, गडद निळा, त्यावर सोनेरी अक्षरं. अक्षरांचं एक वर्तुळ, मग वेलबुट्टीचं, पुन्हा अक्षरांचं. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम आहे हे.

फ्लॅश बंदच ठेवा. नाजूक रंगांवर तो मारूच नये, शिवाय सोनेरी कामावर नुसता पांढरा डाग येतो. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा फरशीवर उताणा ठेवा, टायमर लावा, शटर दोन-चार सेकंद उघडं राहू द्या. तेवढ्या वेळात कवडसा घुमटभर हळूहळू फिरवायला सांगा. एका जागी धरला तर तेवढाच तुकडा उजळतो. फिरवला तर उजेड सगळीकडे सारखा पडतो.

तूतनखामेनच्या थडग्याचे फोटो काढणारा हॅरी बर्टन इजिप्तच्या थडग्यांत हीच युक्ती वापरायचा. बाहेरच्या आरशातून ऊन आत घ्यायचं, चंदेरी कागद लावलेल्या फळीवर झेलायचं आणि काचेच्या प्लेटवर चित्र उमटेपर्यंत ती फळी हलवत राहायची. राजांच्या खोऱ्यात शेजारचं एक थडगं हीच त्याची डार्करूम होती.

जवळच 'जालिम' म्हणून बदनाम झालेल्या हुमायूनशहाची कबर आहे. वीज पडून तिचा घुमट फाटला. उरलेल्या भागात घुमट बांधतात कसा, ते उभ्या छेदात दिसतं. तोही फोटो सोडू नका.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका, ऊन नसेल तर आरसा काय करणार? होळीनंतर इथे वलींचा उरूस भरतो, तोही हिंदू पंचांगाप्रमाणे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे जंगम त्यासाठी पायी येतात, कारण लिंगायत भाविकांसाठी हा सुलतान म्हणजे अल्लमप्रभूंचा अवतार. त्या गर्दीत घुमटाचे फोटो जमणं कठीण, माणसांचे मात्र भरपूर मिळतील. तेव्हा दोन वेळा जायची तयारी ठेवा.