ताप-खोकला आहे, तरी डॉक्टर लगेच टेस्ट का करायला सांगत नाहीत?

साथ आली की सांगवीतल्या छोट्या क्लिनिकांपासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो: "डॉक्टर, टेस्ट करायची का?" अनेकदा उत्तर मिळतं, "आत्ता नको." हा हलगर्जीपणा आहे का? नाही. यामागचं कारण २००९ च्या पुण्यात सापडतं.

तेव्हा काय झालं?

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात १४ वर्षांच्या मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. घाबरलेल्या लोकांनी टेस्टसाठी नायडू रुग्णालयात रांगा लावल्या. अशा गर्दीत धोका दुहेरी असतो. साधी सर्दी असलेल्याला रांगेतच लागण होऊ शकते आणि धाप लागलेला रुग्ण मागे राहू शकतो.

मग तीन गट ठरले

केंद्र सरकारने त्याच वर्षी रुग्णांची अशी विभागणी केली:

- ए: हलका ताप, खोकला, घसादुखी. टेस्ट नाही, टॅमीफ्लू नाही. घरीच वेगळं राहायचं. २४ ते ४८ तासांनी डॉक्टरांनी पुन्हा बघायचं.
- बी: जास्त ताप आणि घसा खूप दुखणं. किंवा लक्षणं हलकी, पण रुग्ण गरोदर, लहान मूल, ६५ च्या पुढचा किंवा मधुमेह, हृदयविकार, फुफ्फुसाचा आजार असलेला. टेस्ट नाही, पण डॉक्टर टॅमीफ्लू देऊ शकतात.
- सी: धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं. टेस्ट करायची आणि लगेच अ‍ॅडमिट व्हायचं.

बी गटात रिपोर्टची वाट का बघत नाहीत? कारण टॅमीफ्लू पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते.

कोविडमध्ये काय बदललं?

टेस्ट गरजेची झाली, पण घरी राहायचं की अ‍ॅडमिट व्हायचं हे ठरवताना ऑक्सिजनची पातळी महत्त्वाची ठरली. काहींना धाप न लागताही ऑक्सिजन खाली जायचा. म्हणून ऑक्सिमीटर आणि सहा मिनिटं चालून बघण्याची चाचणी आली.

खरी चूक कुठे होते?

दुसऱ्या भेटीत. गोळीने ताप उतरतो, माणूस हिंजवडी किंवा चाकणच्या शिफ्टला जातो आणि "दोन दिवसांनी या" हे विसरतो. पण ए गटातला रुग्ण सी गटात चाललाय का, हे त्याच भेटीत कळतं. मधे धाप लागली तर दोन दिवसही थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.