वराहखाद्यातील लायसिन आणि वाढीचा खर्च

व्यापारी वराहपालनात एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक वाटा सामान्यतः खाद्याचा असतो. तथापि स्वस्त खाद्य म्हणजे काटकसर नव्हे. वजनातील दर किलोग्रॅम वाढीस किती किमतीचे खाद्य लागले, हाच काटकसरीचा खरा निकष होय. या निकषावर खाद्यातील एकूण प्रथिनापेक्षा त्यातील अमिनो आम्लांचे परस्पर प्रमाण अधिक महत्त्वाचे ठरते.

गाय किंवा म्हैस यांच्या पोटातील सूक्ष्मजंतू निकृष्ट प्रथिनापासूनही उपयुक्त प्रथिन तयार करतात. डुकरास ही सोय नाही. आवश्यक अमिनो आम्ले त्यास खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांपैकी एक जरी अपुरे पडले, तरी स्नायूंची वाढ त्याच्या मर्यादेतच राहते. उरलेल्या अमिनो आम्लांचे विघटन होऊन त्यांतील नत्र युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडते, आणि या क्रियेतही ऊर्जा खर्ची पडते. सारांश, असमतोल प्रथिन पुरविल्यास पैसा वाया जातो व गोठ्याभोवतालची जमीन आणि पाणीही दूषित होते.

मक्यावर आधारलेल्या खाद्यात हे अपुरे पडणारे आम्ल म्हणजे लायसिन होय. मक्यात प्रथिन सुमारे ८ टक्के, तर लायसिन केवळ पाव टक्का असते. १९६४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मर्ट्‌झ, बेट्स व नेल्सन यांनी 'ओपेक-२' या जनुकामुळे मक्यातील लायसिन वाढते, असे दाखविले. परंतु व्यवहारात ही उणीव मुख्यतः सोयाबीनच्या पेंडीने भरून काढली जाते. या पेंडीत लायसिन सुमारे ३ टक्के असते. मका ८० भाग व पेंड २० भाग असे मिश्रण केल्यास लायसिनचे प्रमाण निव्वळ मक्याच्या सुमारे तिप्पट होते. मात्र कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक द्रव्य प्रथिनाच्या पचनास बाधक असल्याने सोयाबीनवर उष्णतेची प्रक्रिया झालेली असणे अगत्याचे आहे.

पेंड महाग असेल, तेव्हा १०० किलोग्रॅम पेंडीऐवजी सुमारे ९७ किलोग्रॅम मका व ३ किलोग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड वापरता येते. या बदलास मर्यादा आहे. पेंड फार घटविल्यास थ्रिओनिन, मेथिओनिन व ट्रिप्टोफॅन ही आम्ले अपुरी पडू लागतात, आणि लायसिन पुरेसे असूनही वाढ खुंटते.

लायसिनची गरज वयानुसारही बदलते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली दिलेल्या प्रमाणांनुसार २५ ते ५० किलोग्रॅम वजनाच्या डुकरास खाद्यात पचनीय लायसिन ०.९८ टक्के लागते, तर १०० किलोग्रॅमच्या पुढे ०.६१ टक्के पुरते. वाढत्या वयात डुक्कर अधिक खाते व शरीरात चरबीचा वाटा वाढतो, हे याचे कारण. म्हणून आरंभापासून विक्रीपर्यंत एकच मिश्रण दिल्यास प्रारंभी वाढ मंदावते आणि अखेरीस महाग प्रथिन व्यर्थ जाते. वजनाच्या टप्प्यांनुसार मिश्रण बदलणे, हाच यावरील किफायतशीर उपाय होय.