हवेवर जगणारी रोपे : त्यांचे वर्षभराचे संगोपन

शहरातील रोपवाटिकांतून ‘एअर प्लांट’ या नावाने एक चिमुकले रोप आता सर्रास मिळते. त्याला कुंडी लागत नाही, मातीही लागत नाही. शास्त्रीय नाव टिलँड्सिया; मूळ देश अमेरिका खंड; कूळ अननसाचे. लिनीयसने हे नाव फिनलंडमधील तुर्कू येथील प्राध्यापक टिलँड्झ यांच्यावरून ठेवले. या गृहस्थांना समुद्रप्रवासाची मोठी धास्ती होती आणि या वनस्पतीलाही पाण्याचे वावडे आहे, असा लिनीयसचा समज होता. तो समज चुकीचा ठरला. पण घरोघरी ही रोपे आजही मरतात ती बहुधा त्याच समजापायी! ‘हवेवर जगते’ म्हटल्यावर पाणी कशाला, असे आपण धरून चालतो.

वास्तविक या रोपाची मुळे केवळ आधार धरण्यापुरती असतात. पाणी पितात ती पाने. पानांवर जी राखी झाक दिसते, ती असंख्य सूक्ष्म खवल्यांची असून तेच पाणी शोषून घेतात. पानांची रंध्रे मात्र रात्री उघडतात व तेव्हा कर्बवायू आत घेतात. पाने रात्रभर ओली राहिली, तर हा व्यवहार अडतो. म्हणून भिजवावयाचे ते सकाळी, आणि नंतर रोप झटकून, उलटे धरून, तीन-चार तासांत पुरते सुकू द्यावयाचे. पानांच्या बेचक्यात पाणी साचले की गाभा कुजतो.

आपल्याकडील आमरायांत, आंब्याच्या फांदीवर वाढणारी रास्ना हीही अशीच निराधार जगणारी. तिची जाड पांढरी मुळे पावसाचे पाणी टिपकागदाप्रमाणे शोषतात. ती झाडाचा रस पीत नाही. रस पिते ते बांडगूळ. हा भेद न कळल्यामुळे रास्नेवर कोयता चालतो, याचे वाईट वाटते.

आता हैदराबादच्या ऋतूंविषयी. एप्रिल-मे हे खरे कसोटीचे महिने. उष्ण कोरडा वारा पानांतील ओलावा ओढून घेतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा अर्धा तास रोप पाण्यात बुडवून ठेवावे आणि दुपारच्या उन्हापासून जपावे. पाने कडेने आत वळू लागली, तर ती तहानेची खूण समजावी. बोअरचे पाणी जड असते व त्याचे क्षार खवल्यांवर बसतात. त्यापेक्षा नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे. पावसाचे साठविलेले पाणी सर्वांत उत्तम. तांब्याच्या घंगाळात मात्र रोप कदापि भिजवू नये, तांब्याच्या तारेनेही बांधू नये. तो धातू या कुळाला विषवत् आहे.

जूनपासून चिंता उलट दिशेची. झडीच्या दिवसांत भिजविणे थांबवून, रोप पावसाच्या आडोशाला पण वाऱ्यावर टांगावे. काचेच्या बंद गोळ्यात ठेवण्याची हौस निदान या दिवसांत तरी आवरावी! खत द्यावयाचेच, तर याच वाढीच्या काळात, महिन्यातून एकदा, नेहमीच्या चौथाई मात्रेने, पाण्यात विरघळवून. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भिजविणे पुरे. पण ऊन वर आल्यावर.

फूल आयुष्यात एकदाच येते. त्यानंतर मूळ रोप हळूहळू सुकते, ते पाहून टाकून देऊ नये. केळीप्रमाणे त्याच्या बुडाशी पिले फुटतात. ती आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की अलगद सोडवून वेगळी टांगावीत.