शरणपूरचा जेकब आणि आरमारातला कॅमेरन

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज दिवसभर वाहनांची रीघ असते. हा रस्ता ज्या वस्तीच्या नावाने ओळखला जातो, ती शरणपूरची वसाहत मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 च्या दशकात वसवली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे वाढली, लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. पुढे आफ्रिकेत त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हणू लागले. व्हर्नी लव्हेट कॅमेरन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या चरित्रात ही मुले ऐन मोक्याच्या जागी भेटतात. तरीही त्याची गोष्ट सांगताना त्यांना बाजूला सारले जाते आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह कॅमेरनने परत आणला.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कॅमेरन 1844 साली इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात जन्मला आणि 1857 मध्ये, तेरा वर्षांचा असताना आरमारात दाखल झाला. 1868 च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत तो होता, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार रोखण्याच्या गस्तीवरही होता. 1873 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी पाठवले. उन्यान्येंबेला, म्हणजे आजच्या टांझानियातल्या टबोरा परिसरात पोहोचेपर्यंत तापाने सगळ्यांची दैना झाली होती. लिव्हिंग्स्टनचा भाचा रॉबर्ट मोफट वाटेतच वारला होता.

20 ऑक्टोबर 1873. कॅमेरन तापाने गळून अंथरुणावर पडला होता. नोकर धावत आला, त्याच्या हातात एक पत्र होते. कॅमेरनला डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. कशीबशी अक्षरे लागली तरी अर्थ लागेना, म्हणून तो पत्र घेऊन मोहिमेतल्या डॉक्टर डिलनकडे गेला. तोही तापात. दोघांनी मिळून ते पुन्हा वाचले, तेव्हा कळले की लिव्हिंग्स्टन गेला आहे, त्याची माणसे त्याचा देह घेऊन निघाली आहेत आणि त्यांची उपासमार चालली आहे. पत्र इंग्रजीत होते. ते लिहिले होते जेकब वेनराईटने. शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकबने!

काही दिवसांनी देह आला. एवढा धोका पत्करून तो किनाऱ्यापर्यंत नेण्यापेक्षा इथेच पुरावा, असे कॅमेरनने सुचवले. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. वाट खरोखर भयंकर होती. पण त्या माणसांनी तो मानला नाही. लिव्हिंग्स्टनची बरीचशी उपकरणे मात्र कॅमेरनने त्यांच्याकडून स्वतःच्या मोहिमेसाठी ठेवून घेतली. पुढे एका गावाने प्रेत नेऊ देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी खोटे गाठोडे बांधून ते परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा गुंडाळून पुढे नेला. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले. कॅमेरनचा सहकारी मर्फी त्यांच्याबरोबर परत आला. डिलनने तापाच्या भ्रमात वाटेतच गोळी झाडून घेतली होती. देह मुक्कामी पोहोचवण्याचे श्रेय या आफ्रिकन माणसांचे आहे, आणि त्यात नाशिकचा वाटा आहे.

गैरसमज : चुमा आणि सुसी हे दोघेही नाशिकचे.

नाही. लिव्हिंग्स्टनचा देह आणणाऱ्यांत हे दोघे प्रमुख होते. सुसी झांबेझी नदीकाठच्या शुपांग्याचा. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. 1866 मध्ये शेवटच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंग्स्टनने आपल्या माणसांची जी मोजणी लिहून ठेवली, तीत नासिकचे नऊ जण वेगळे नोंदले आहेत. जेकब त्या नऊ जणांतलाही नव्हे. तो 1872 मध्ये नंतर पाठवलेल्या तुकडीतून आला. लिव्हिंग्स्टन जिथे वारला, त्या चितांबोच्या गावात त्याचे हृदय झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. पुढे देहाबरोबर तो इंग्लंडला गेला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात देणाऱ्यांत होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला त्यानंतर पोहोचले.

गैरसमज : आरमाराने मुलांना सोडवले, म्हणजे ती घरी गेली.

घरी जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. गाव कुठले, आईबाप जिवंत आहेत का, हे कोण शोधणार? गलबत पकडले की मुले एडन, मुंबई असा प्रवास करत आणि तिथून मिशनच्या ताब्यात जात. पकडणाऱ्या अधिकाऱ्यांना सरकारकडून बक्षिसाची रक्कम मिळे, सोडवलेल्या माणसांमागे किंवा गलबताच्या टनांमागे. म्हणून त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. समुद्रावर त्यांनी खरोखर जीव धोक्यात घातले. पण नुसत्या दयेची गोष्ट सांगणे अर्धवट ठरते. जून 1873 मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या प्रयत्नांतून झांझिबारच्या सुलतानाशी तह झाला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. 1875 मध्ये मोंबासाजवळ ‘फ्रियर टाउन’ वसले. ते वसवायला शरणपूरचेच प्राइस गेले, आणि नाशिकमध्ये वाढलेले अनेक आफ्रिकन तिथे जाऊन राहिले.

गैरसमज : आफ्रिका ओलांडणारा पहिला माणूस कॅमेरन.

लिव्हिंग्स्टनने 1854 ते 1856 मध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे ती ओलांडली होती, आणि त्याच्याही आधी दोन आफ्रिकन व्यापारी पोर्तुगीजांसाठी या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर गेले होते. कॅमेरनचा मान वेगळा आहे: मध्य आफ्रिकेतून पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला पोहोचणारा तो पहिला युरोपीय. नोव्हेंबर 1875 मध्ये तो अटलांटिकला पोहोचला. टांगानिका सरोवराचे पाणी लुकुगा नदीतून बाहेर पडते, हा त्याचा निष्कर्ष शोधप्रवासी स्टॅनलीने शंकास्पद ठरवला होता, पण तो पुढे खरा निघाला. 1894 मध्ये घोड्यावरून पडून कॅमेरन वारला.

वेस्टमिन्स्टरमधल्या शिळेवर लिव्हिंग्स्टनला आणणाऱ्या विश्वासू हातांचा उल्लेख आहे, नाव मात्र एकाचेही नाही. जेकबने चितांबोच्या झाडावर लिव्हिंग्स्टनच्या नावाबरोबर आपल्या सोबत्यांचीही नावे कोरली होती. त्या खोडाचा कोरलेला तुकडा आज लंडनमध्ये जपून ठेवला आहे.