विटांच्या भुकटीवरचं टेनिस

मी मुलांना टेनिस शिकवते. पॅरिसची रोलाँ गारोस स्पर्धा सुरू झाली की त्यांना मी खेळाडूंचे हात नव्हे, पाय बघायला सांगते.

तिथलं कोर्ट मातीचं म्हणतात, पण वरचा लाल थर विटांच्या भुकटीचा असतो, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्याखाली चुनखडीचा चुरा, आणखी खाली खडी. ओल धरून ठेवते ती चुनखडी; ती सुकू नये म्हणून कोर्टावर वरचेवर पाणी मारावं लागतं.

या भुकटीवर चेंडूचा वेग मरतो आणि तो उंच उसळतो. गवतावर हमखास गुण देणारी सर्व्हिस इथे परत येते, मग गुण नव्याने उभा करावा लागतो. चेंडू गाठायच्या आधीच खेळाडू घसरायला लागतो आणि फटका मारता मारता थांबतो. घसरणं उशिरा सुरू झालं, तर पुढच्या फटक्याला तो जागेवर नसतो. बुटांच्या तळाला अडकलेली भुकटी रॅकेटने ठोकून काढतात, तेही बघण्यासारखं. चेंडूचा ठसा उमटतो. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून तो स्वतः तपासतात.

राफाएल नदालने इथे 14 वेळा एकेरी जिंकली, महिलांत ख्रिस एव्हर्टने 7 वेळा. आणि 1997 मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, ते कुठल्याही भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. 2012 मध्ये सानिया मिर्झाबरोबर तो पुन्हा तिथेच जिंकला.