न उडणाऱ्या बंदुकीची निगा

बेंगळुरूतून खांद्याला बंदूक लावून शिकारीला निघालेला माणूस आता कुणाच्या दृष्टीस पडत नाही. बंदुका मात्र आहेत. कँटोन्मेंटातल्या जुन्या बंगल्यांत, वसंतनगरला कोडवा समाजाच्या आसपासच्या घरांत, कॉफीचे मळे भावंडांवर सोपवून शहरात आलेल्यांच्या पोलादी कपाटांत त्या उभ्या असतात. एखादी बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट, एखादी ग्रीनर, बाकीच्या बऱ्याचशा आपल्या सरकारी कारखान्यांतल्या. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची उरलीसुरली वाटही बुजली. त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुकीबरोबर तिच्यात धनुष्यबाण, फास, जाळी, गळ, सुरी आणि विषसुद्धा आहे. तेव्हा तीरकमठा घेऊन रानात गेलं तर चालेल, असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा.

शिकार गेली आणि मागे उरली ती निगा. शिकारीच्या विद्येतला एवढाच भाग कायद्याने आणि काळाने शिल्लक ठेवला आहे. माझ्या मते तो नेमबाजीपेक्षा अवघड आहे, कारण त्यात टाळ्या नाहीत आणि चूक झालेली दहा वर्षांनी कळते.

या शहरात राहून नरभक्षकांच्या मागावर जाणारे केनेथ अँडरसन (1910–1974) पुस्तकांमुळे सगळ्यांना ठाऊक आहेत. 1954 च्या ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’पासून त्यांचा वाचकवर्ग तयार झाला. त्यांची रायफल होती विंचेस्टर मॉडेल 1895, .405 बोअरची, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची. खालचा लिव्हर पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, मागे ओढला की नवं आत जातं. वापरायला झकास, पण उघडून बसणाऱ्याचा अंत पाहणारी. एकमेकांत अडकलेले तुकडे ज्या क्रमाने सुटतात त्याच्या बरोबर उलट क्रमाने बसतात, आणि मधला एक विसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुनळीचं तसं नाही. ती तीन तुकड्यांत सुटते: नळ्या, पुढचं लाकूड, आणि दस्त्यासकट मागचा भाग. हत्यार लागत नाही, हात पुरतात. घरगुती निगा शिकायची तर दुनळीवर शिकावी.

ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, बेळगावकडचे. उभी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी आहे, गावाकडच्या शेताच्या राखणीसाठी घेतलेली. ते बंदूक साफ करतात तेव्हा समोर बसून पाहावं. आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहतात, मग करंगळी घालून पुन्हा पाहतात. मग चटईवर जुनं धोतर पसरतात. फौजेतली सवय म्हणून ते नळीत दोरीचं फुलतरूच ओढतात. मी त्यांना गज सुचवला, तर म्हणाले, ‘‘अहो, गज तिरका गेला की नळीच्या तोंडाला घासतो. दोरी कुठं घासतीय?’’ दोरीही रोज एकाच कडेवरून ओढली तर घासते, हे त्यांनाही ठाऊक आहे. ते ती सरळ मधोमध ओढतात. आधी कोरडी चिंधी, मग फॉस्फर ब्राँझचा कुंचला, पुन्हा चिंधी, आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत तेच. शेवटी तेलाचं बोट लावलेली एक चिंधी.

तेलाच्या बाबतीत ते कंजूष आहेत आणि बरोबर आहेत. बंदूक कपाटात तोंड वर करून उभी ठेवली की जास्तीचं तेल ओघळत मागे येतं, यंत्राच्या आत साचतं आणि दस्त्याच्या लाकडात मुरतं. अक्रोडाचं लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि धातूला जिथे टेकतं तिथेच चिरतं. जुन्या बंदुकांचे दस्ते पडून कमी मोडतात, तेलाने जास्त नासतात. म्हणून सुभेदार तेल लावल्यावर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून ठेवतात, खाली कापडाची घडी. दस्त्याला वेगळं तेल, जवसाचं, उकळलेलं. तेही तळहाताला दोन थेंब घेऊन हात गरम होईस्तोवर चोळायचं.

मग ते नळ्या उजेडाकडे धरतात. डोळा लावून पाहिलं की नळीत उजेडाची वलयं दिसतात. नळी निकोप असेल तर वलय सलग गोल असतं. कुठे पोचा आला असेल तर तिथे ते वाकडं होतं. बाहेरून बोटाला न लागणारा पोचाही आतून दिसतो. दुसरी परीक्षा कानाची. सुट्या नळ्या आकड्यावर टांगून लाकडाच्या दांडीने हलकेच टकटक करायची. दोन नळ्यांच्या मधली पट्टी डाख देऊन बसवलेली असते. डाख शाबूत असेल तर नळ्या खणखणीत वाजतात. कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो, आणि तिथून आत शिरलेल्या पाण्याने गंज धरायला सुरुवात केलेली असते.

या परीक्षेत बंदूक नापास झाली की घरच्या माणसाने हात आखडायचा. इथे कायदाही आडवा येतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 5 वं कलम बंदूक बनवणं आणि विकणं यांच्याबरोबर दुरुस्त करणंही परवान्याखाली आणतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नळी कापून आखूड करण्याबद्दल वेगळं 6 वं कलम आहे. पुसणं आणि तेल देणं मालकाचं, पोचा काढणं, डाख देणं, कमान बदलणं हे परवानाधारक कारागिराचं. लोक या रेषेवर कुरकुर करतात. मला ती कारागिरीच्या बाजूनेही योग्य वाटते. इंग्लिश दुनळीच्या पेचांच्या खाचा केसासारख्या बारीक असतात. बाजारातला पेचकस त्यात बसत नाही, निसटतो आणि कोरीव काम ओरबाडून ठेवतो. जाणता कारागीर प्रत्येक पेचासाठी पेचकसाचं पातं घासून तयार करतो. ओरबाडलेल्या पेचाची बंदूक हातात आली की आधी कुणाचा हात लागला होता ते त्याला न विचारता कळतं.

घरच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक मात्र पेचकसाची नसते, काडतुसाची असते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटरची. हे बहुतेकांना माहीत असतं. काडतुसाची लांबी पुष्कळांना माहीत नसते. जुन्या इंग्लिश दुनळ्यांची काडतूस बसायची जागा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरची. आजची बरीच काडतुसं 70 ची. काडतुसावर छापलेली लांबी बार झाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. न उडालेलं 70 चं काडतूस 65 च्या जागेत अलगद बसतं, बंदूक मिटते, आणि मालक समाधानाने मान डोलावतो. बार काढला की घडी उलगडायला जागा नसते, ती नळीच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. शंभर वर्षांची नळी तो दाब सोसेलच असं नाही. आपल्याकडची 12 बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. कारखाना 1869 चा, आणि ऑक्टोबर 2021 पासून पुण्यातूनच चालणाऱ्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. पुण्याहून आलेलं काडतूस चांगलंच असेल, पण ते आपल्या आजोबांच्या बंदुकीचं आहे का, हे नळ्यांवरचे ठसे वाचूनच कळतं. ठसे वाचता येत नसतील तर कारागिराकडे जावं. त्याच्या फीमध्ये बोटं वाचतात.

कोडगूची, म्हणजे कुर्गची, गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिची सुरुवात बेंगळुरूतून होते. ज्याच्या नावाने कब्बन पार्क ओळखला जातो तो मार्क कब्बन म्हैसूर आणि कोडगूचा कमिशनर होता. 1857 नंतर सगळीकडे हत्यारं काढून घेण्याचा सपाटा चालू असताना त्याने फेब्रुवारी 1861 मध्ये तिथल्या कोडव्यांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विलायतेला परतताना सुएझला तो वारला. सूट मात्र टिकली, स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यातही. जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली, जमीन धारण करणाऱ्यांनाही ती आहे. केंद्राने 2019 मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली.

त्यामुळे कोडव्याच्या घरी बंदूक ही घरातल्या माणसासारखी असते. मुलगा झाला की एक बार, माणूस गेला की लागोपाठ दोन. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, बहुतेक ठिकाणी 3 तारखेला, कैलपोद. भाताची लावणी संपलेली असते. पावसाळाभर देवाच्या खोलीत ठेवलेली हत्यारं बाहेर निघतात, साफ होतात, त्यांना गंध लागतं आणि नळीत तोकपूचं फूल खोवलं जातं. आपल्या रानातली कळलावी ती हीच, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची आणि विषारी कंदाची. मग कडंबुट्टू, म्हणजे तांदळाचे उकडलेले गोळे, आणि डुकराच्या रश्श्याचं जेवण, आणि उंचावर बांधलेल्या नारळावर नेम. शहरातले कोडवेही हा सण करतात. आपल्या खंडेनवमीशी आणि बेंगळुरूच्या आयुधपूजेशी त्याचं नातं उघड आहे, पण तारीख पाहिली की मला कैलपोद जास्त व्यवहारी वाटतो. मडिकेरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये. त्या दमटपणात चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक म्हणजे गंजाला दिलेलं आवतण; चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. ऑक्टोबरच्या दसऱ्यापर्यंत थांबलं तर गंज नळीत खड्डे पाडतो. सप्टेंबरात तो अजून पुसता येतो.

ठासणीच्या बंदुकीला तर सणाची वाट पाहून चालतच नाही. कोडगूत आणि आपल्या कोकणात त्या अजून आहेत. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. बार पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचा बार झाला की नळीत मिठासारखाच एक क्षार उरतो. तो तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल चोळा, खाली गंज चालूच राहतो. त्याला कढत पाणी लागतं. नळी धुवायची, गरम असतानाच कोरडी करायची आणि मग तेल. बंदुकीत पाणी ओतताना पाहून नव्या माणसाला धडकी भरते, पण जुने लोक हेच करत आले.

निगेचा खरा शत्रू पाऊसही नव्हे, निवडणूक आहे. 2024 च्या लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. या काळात परवान्याच्या कितीतरी बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. शेजारच्या बंदुकांना टेकून, कुणाचा हात न लागता, उन्हाळा ओलांडून पहिल्या पावसाच्या तोंडावर त्या घरी येतात. सुभेदार आपली जमा करताना तेलात भिजलेल्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी बांधून देतात. परत मिळाल्यावर घरी पोचण्याआधी ते कुणाशी बोलत नाहीत.

मनसोक्त उघडून बसायचं असेल तर एअर रायफल घ्यावी. .177 बोअरची आणि 20 जूलपेक्षा कमी जोराची असेल तर 2016 च्या नियमांनुसार तिला परवाना लागत नाही. जुन्या देशी छर्ऱ्याच्या बंदुकीत सायकलच्या पंपासारखा चामडी वायसर असतो. तो सुकला की जोर गेला. तेलात भिजवून बसवला की परत आला.

आणि धनुष्य. साताऱ्याच्या आदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्यावर जागतिक विजेतेपदं मिळवली, तेव्हापासून मराठी घरांत हे यंत्र पोचलं आहे. बेंगळुरूतल्या मराठी घरांतही. कप्प्या, दोऱ्या आणि चिवट पात्यांचं हे यंत्र स्पर्धेत 60 पौंडांपर्यंत ताणलं जातं. दोरीला मेण चोळणं, दोरीवरचा झिजलेला धागा पुन्हा गुंडाळणं, बाणाची मागची खोबण बदलणं हे खेळाडूने स्वतःच करायचं. पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवायचा; कुठे तंतू अडकला तर तिथे चीर आहे. कार्बनचा बाण कानाशी धरून हलका वाकवायचा. करकरला तर तो मोडून कचऱ्यात टाकायचा, कारण असा बाण सुटताना फुटला तर त्याच्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. दोरी बदलायची तर पाती दाबून धरणारा प्रेस लागतो. तो नसताना पेच सैल करत बसू नये. आणि बाण न लावता धनुष्य ओढून सोडायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. बाणात जाणारा सगळा जोर तेव्हा पात्यांत परत येतो. दुनळीचा रिकामा चाप ओढू नये, फायरिंग पिन मोडते, हे सुभेदार नातवाला सांगत होते. नातवाच्या हातात कंपाउंड होतं. तो म्हणाला, ‘‘आबा, आमच्याकडं तर अख्खं धनुष्यच फुटतं.’’